तहान खरी होती

निरोपाच्या समारंभात मौलवी सरांना बोलायला उभं करायचं नाही, असं आमच्या शाळेत ठरून गेलं होतं. त्याला कारण घडलं होतं. जुने हेडमास्तर निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना वटवृक्ष, दीपस्तंभ, ज्ञानसूर्य वगैरे करून टाकलं. हेडमास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग मौलवी सर उठले, शेरवानीची वरची गुंडी लावली आणि म्हणाले, "साहेब वेळेवर येत होते. मुलांना मारत नव्हते. मला दोनदा रजा नाकारली, त्यातली एक नाकारायलाच पाहिजे होती. गणित त्यांना जमत नव्हतं, तरी शिकवत होते. मला त्यांची आठवण येईल." एवढं बोलून ते बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना. बऱ्याच वर्षांनी ते हेडमास्तर मला स्टँडवर भेटले, तेव्हा म्हणाले की त्या दिवशीचं तेवढं एकच भाषण लक्षात राहिलंय.

गावाचं नाव सांगत नाही. धाराशिवहून एसटीनं तासाभराचा रस्ता. तेव्हा एसटीच्या पाटीवर उस्मानाबाद लिहिलेलं असायचं. मी मूळचा अणदूरचा, विज्ञानाचा मास्तर म्हणून तिथं गेलो. आम्ही बौद्ध. आडनाव विचारून झालं की 'खोली कालच दिली हो' असं सांगणारी माणसं त्या गावात पुष्कळ होती. मौलवी सरांनी आडनाव विचारलं नाही. खोलीचं दार उघडलं आणि म्हणाले, "छत गळतं. मागच्या दोन वर्षांत गळलं नाही, पण त्यात छताची काही तारीफ नाही. पाऊसच नाही."

त्यांचे वडील निजामाच्या काळात फारसीचे उस्ताद होते. मुलानं हट्टानं तोच विषय घेतला, तोवर फारसी शिकायला गावात कोणी उरलं नव्हतं. मग सरांच्या वाट्याला उर्दू आली, थोडी हिंदी आली आणि ज्या तासाचा मास्तर गैरहजर असेल तो तास आला. मुलांच्या निबंधातली विशेषणं ते लाल शाईनं खोडायचे. एका मुलानं 'माझी आई देवता आहे' असं लिहिलं होतं, तर सरांनी बाजूला लिहिलं, 'आई दिवसभर काय करते ते लिही.'

कुणी काहीही सांगायला आलं की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "पाहिलं का ऐकलं?" सोसायटीत मारामारी झाली म्हणा, गाय दोन तोंडांचं वासरू व्याली म्हणा, 'पाहिलं का ऐकलं?' गावातली पोरं त्यांच्यामागं हेच ओरडायची आणि सर मागं वळून गंभीरपणे म्हणायचे, "ऐकलं." त्यांच्याकडं एक सायकल होती. ती ते चालवत नसत, धरून चालत. कॅरिअरला वह्या, हँडलला भाजीची पिशवी. मी एकदा म्हटलं, बसा की सर. तर म्हणाले, "तरुणपणी येत होती. आता पण येत असेल असं समजणं म्हणजे गुलू होईल."

गुलू हा त्यांचा शब्द, अरबीतला. हद्द ओलांडणं. एखाद्याला मोठं करता करता तो जे नव्हता ते त्याला बनवून ठेवणं. सर शिया होते. गावात मुसलमानांची घरं पुष्कळ, पण ती सुन्नी; शिया म्हणाल तर दोनच, एक सरांचं आणि एक त्यांच्या चुलतभावाचं, कापडदुकानवाल्याचं. सरांच्या फडताळात वडिलांकडून आलेली जाडजूड अरबी किताबं होती. त्यात हजार वर्षांपूर्वीच्या बगदादच्या एका शिया आलिमाचं, धर्मपंडिताचं, लिखाण होतं. सर त्यांना 'आमचे मोठे मौलाना' म्हणायचे आणि असं बोलायचे की वाटावं, मौलाना मागच्या गल्लीत राहतात आणि दुपारी चहाला येऊन गेले.

संध्याकाळी ओट्यावर बसून ते मला समजावून सांगायचे. पैगंबरांच्या घराण्यातले इमाम शियांना जिवापेक्षा प्यारे. पण त्या काळी काही लोकांचं प्रेम उतू गेलं. ते म्हणायला लागले, इमामच पाऊस पाडतात, इमामच रोटी देतात, इमाम म्हणजेच खुदा. काहींनी तर सांगितलं की करबलाच्या मैदानात, जिथं नदीचं पाणी तोडून इमामांना लेकराबाळांसकट वेढलं होतं, तिथं इमाम मारले गेलेच नाहीत, लोकांना नुसतं तसं दिसलं. एवढा मोठा माणूस मरेलच कसा? मोठ्या मौलानांनी या लोकांना स्पष्ट सांगितलं की इमाम माणसं होती, जेवत होती, झोपत होती आणि मेली. जो याच्या पुढं जाईल तो आमचा नाही. स्वतःच्या उस्तादानं ऐकीव गोष्टींवर भरवसा ठेवला होता, तर त्या उस्तादाच्याही चुका त्यांनी अदबीनं काढून दाखवल्या.

"दुश्मनाची चूक कुणीही काढतो, मास्तर," सर म्हणायचे. "आपल्या माणसाची काढताना घास उतरत नाही." मग म्हणायचे, "आणि बघा, इमाम मेलेच नाहीत म्हटलं की त्यांना तहान पण लागली नाही असं होतं. मग पाण्यावाचून ती लहान लेकरं तडफडली ते काय नाटक होतं? तहान खरी होती. तेवढी काढून घेतली तर करबलात उरतं काय?"

मी विज्ञानाचा मास्तर. देवाधर्माचं निघालं की माझं डोकं लवकर तापतं. पण या माणसाशी मला भांडता आलं नाही.

मोहरमच्या पहिल्या दहा संध्याकाळी सरांच्या पुढच्या खोलीत मजलिस व्हायची, म्हणजे करबलाची हकीकत ऐकायची बैठक. आपल्याकडं मोहरम सगळ्या गावाचा असतो, त्यामुळं माळी, मराठे, आमच्या वस्तीतली माणसं, सगळी यायची. शेवटी सरबत मिळायचं. सर सांगायला बसले की दर चार वाक्यांनी म्हणायचे, "हे असं सांगतात, पण हे पक्कं नाही." एकदा एक मराठ्यांची म्हातारी वैतागून बोलली, "मौलवी सर, जरा कुठं रडू यायला लागतंय तवर तुमी म्हणता पक्कं न्हाय. आमी रडावं का न्हाय?"

"जेवढं पक्कं आहे तेवढ्यावर रडा, माँजी. ते पुरे आहे."

म्हातारीला ते पुरत नव्हतं. सरांना पुरायचं. सातव्या दिवशी नदीचं पाणी बंद केलं, या वाक्याशी ते आले की चष्मा काढायचे आणि त्यांना पुढचं वाक्य सापडायचं नाही. खोलीतली माणसं सरबताच्या भांड्याकडं बघत बसायची.

सरांना एकच मुलगा, जाफर. विशी ओलांडलेला. दहावीला दोनदा आपटलेला, कुत्र्यांना भिणारा, सिनेमाची गाणी बेसूर म्हणणारा. तालुक्याच्या दूध संघाच्या टँकरवर तो ड्रायव्हर होता. दुष्काळ लांबतच गेला, गुरं छावणीत गेली, दूध आटलं, तेव्हा संघानं टँकर धुऊन पाण्याला लावला. जाफर सकाळपासून वाड्यावस्त्यांवर पाणी टाकत फिरायचा. टँकर कुठंही थांबला की बाया तुटून पडायच्या, एकमेकींच्या झिंज्या धरायच्या आणि उशीर झाला म्हणून शिव्या मात्र जाफरला द्यायच्या.

संघाचे चेअरमन आमच्याच गावचे. टँकरच्या पाठीवर त्यांचं नाव ठळक अक्षरांत आणि खाली 'दुष्काळात देव धावला'. गावानं त्यांचा सत्कार ठेवला, तर सर सभेत उभे राहिले. "चेअरमनसाहेबांनी टँकर दिला, चांगलं केलं. डिझेल सरकारचं आहे आणि विहीर माळ्याची आहे. देव हा शब्द तेवढा पुसून घ्यावा." चेअरमन हसले. शब्द काही पुसला नाही. घरी जाफर बापावर उखडला. माझी नोकरी घालवता का, म्हणाला. माझी खोली आणि त्यांची मधली खोली यांच्यात कुडाची भिंत होती, सगळं ऐकू यायचं.

त्या वर्षी मोहरम भाद्रपदात आला. चुलतभावानं हैदराबादहून एक जाकिर बोलावला, मजलिसीत हकीकत सांगणारा. कापडदुकानाच्या गच्चीवर कर्णा लावला. काय आवाज होता त्या माणसाचा! मीही पहिल्या दिवशी जाऊन आलो. आभाळातून रक्त पडलं, दगडांना पाझर फुटला, नदीचे मासे काठावर येऊन रडले. आणि खाली चौकात बायामाणसं ऊर बडवत होती. तिसऱ्या संध्याकाळी सरांच्या खोलीत मी होतो, ती म्हातारी होती आणि भरलेलं सरबताचं भांडं होतं. जाफर गच्चीखाली असायचा. घरी येताना डोळे लाल असायचे.

सहाव्या संध्याकाळी बापलेकाचं वाजलं. घरात ती मंडळी दखनीत बोलायची, मी मराठीत सांगतो.

"तिथं माणसं धाय मोकलून रडतात, अब्बा. तुमच्याकडं कोण रडतं?"

"मी रडवायला बसत नाही."

"तुमच्या तोंडात सगळं लहान होतं. चेअरमन लहान होतो, मी लहान होतो, इमाम पण लहान होतात."

"लहान नाही होत रे. माणूस होतात. त्याच्यापेक्षा मोठं काय करायचं त्यांना?"

मग जाफरनं सांगितलं की सातव्यापासून जो तीन दिवस पाणी सोडेल त्याचा हात कयामतीला इमाम धरतील, असं जाकिर म्हणाला. मी सरांचा आवाज चढलेला त्या एकदाच ऐकला.

"कुठं आहे हे? कुणी सांगितलं, कुणाकडून ऐकलं? ज्यांना पाणी मिळालं नाही त्यांच्या नावानं मिळालेलं पाणी लाथाडायचं? त्यांनी पाणी मागितलं होतं, जाफर. लेकरासाठी मागितलं होतं. सोडलं नव्हतं!"

मग जाफर म्हणाला, "बरं. नाही सोडत."

कुणाचंही बोलणं पडताळल्याशिवाय न घेणाऱ्या माणसानं मुलाचं हे एवढं वाक्य मात्र तसंच घेतलं. जाफर दिवसभर टँकरवर असायचा, भाकरी तिकडंच खायचा, त्यामुळं त्यानं पाणी प्यालं की नाही हे घरात कुणाला कळायला मार्ग नव्हता. निदान मी तसं समजत होतो.

दहाव्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भाद्रपदाचं ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. दुपारी तलावाखालच्या विहिरीकडून ओरडा आला म्हणून मी धावलो. टँकर भरून वाहत होता. मोटार कुणी बंद केलेली नव्हती, पाइपातून पाणी भळाभळा रानात चाललं होतं. जाफर मागच्या चाकाशी चिखलात आडवा पडलेला. क्लीनर, चांगला पन्नाशीचा माणूस, त्याचं डोकं मांडीवर घेऊन हाका मारत होता. आणि बाया घागरी घेऊन पळत होत्या. जाफरकडं नाही, वाहत्या पाण्याकडं. मी त्यांना दोष देत नाही, तेव्हाही दिला नाही. पाण्याची पाळी पाच-पाच दिवसांनी यायची. एकीची घागर जाफरच्या पायाला अडली, तर तिनं "आगं बया" म्हणून तो पाय हळूच बाजूला सरकवला आणि घागर भरून घेतली.

चेअरमननी जीप दिली, हे सांगितलं पाहिजे. मागच्या सीटवर जाफरचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठांना भेगा पडलेल्या, जीभ सुजलेली. क्लीनर पुढं बसून रडत सांगत होता, "तीन दीस थेंब घेतला न्हाय सायेब. म्या लई सांगितलं. शपत घातली व्हती मला, कुनाला सांगू नगंस म्हनून." मी रुमाल भिजवून जाफरच्या ओठाला लावला. त्यानं तो चोखला. डोळे मिटलेले, शुद्ध नव्हती, पण तोंड तान्ह्या पोराचं चालतं तसं चालत होतं. मी पुन्हा भिजवला, पुन्हा चोखला. उस्मानाबादचे दिवे लागायच्या आत ते तोंड थांबलं.

सर मागून एसटीनं आले. सिव्हिलच्या व्हरांड्यातल्या बाकावर माझ्याजवळ बसले. शेरवानीची वरची गुंडी लावलेली होती. त्यांनी विचारलं, "शेवटी काय केलं त्यानं?"

मी रुमालाचं सांगितलं.

"तुम्ही पाहिलं?"

"माझ्याच हातात होता रुमाल, सर."

"चोखला."

"हो."

"म्हणजे त्याला पाणी पाहिजे होतं," सर म्हणाले, आणि मग ते कोसळले. त्यांना धरून ठेवायला मी आणि वॉर्डबॉय, दोघं लागलो.

आठवडाही गेला नसेल, गावात बोलणं सुरू झालं. जाफर पडला तिथं कोरड्या रानात त्याच्या अंगाखालून झरा फुटला. अरे, झरा कसला, टँकर भरून वाहत होता! ते पाणी ज्यांनी स्वतःच्या घागरीत भरून नेलं होतं, त्याच बाया हे सांगत होत्या आणि सांगताना त्यांच्या अंगावर काटा उभा राहत होता. मग असं झालं की जाफरनं ओंजळीत पाणी घेतलं, इमामांची आठवण झाली आणि ओंजळ सोडून दिली. मग असं की त्याला तीन दिवस तहान लागलीच नाही, फरिश्ते येऊन पाजत होते. पंधरा दिवसांनी पावसाची एक सर येऊन गेली, धूळ बसेल एवढीच, तीही जाफरच्या खात्यावर गेली. हैदराबादहून जाकिर परत आला आणि त्यानं कर्ण्यावरून जाफरला शहीद केलं. लोक त्याला 'जाफरबाबा' म्हणायला लागले. जो कुत्र्याला भिऊन टँकरच्या टपावर चढायचा, त्याला.

कब्रस्तानाच्या टोकाला शियांचा एक कोपरा होता, तिथं त्याची कबर. तो तहानलेला गेला म्हणून कुणीतरी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, आणि तोच नवस होऊन बसला. दर गुरुवारी बाया यायच्या. पाच दिवसांनी मिळालेल्या पाण्यातलं एक तांब्या पाणी मातीवर ओतायच्या, तिथला चिखल लेकरांच्या कपाळाला लावायच्या.

मौलवी सर गुरुवारी शाळा सुटली की सायकल धरून तिथं जायला लागले. शाळेतलं एक लाकडी स्टूल त्यांनी हेडमास्तरांना सांगून नेलं होतं. कबरीजवळ ते स्टूल टाकून बसायचे आणि पाणी घेऊन येणाऱ्या प्रत्येकीच्या हातातून तांब्या घ्यायचे. ओतू द्यायचे नाहीत. स्वतः प्यायचे. एकामागून एक तांबे, पोट तुडुंब होईपर्यंत, दाढीवरून पाणी ओघळायचं. "पाणी जिवंत माणसाचं आहे," म्हणायचे. पोट भरलं की मग येणाऱ्यांना सांगायचे, तू पी, माझ्यासमोर पी. बाया घाबरायच्या. म्हातारा पोराच्या दुःखानं येडा झाला, असं गाव बोलायचं.

आणि ते जाफरची हकीकत सांगायचे, मजलिसीसारखी, न वाढवता. "दहावीला दोनदा नापास. माझ्या खिशातून सिनेमाला पैसे घेत होता. कुत्र्याला भीत होता. खोटं बोलायचा, मला शेवटचं खोटं त्यानं पाण्याबद्दलच सांगितलं. टँकर कधी उशिरा नेला नाही. बहिरी म्हातारी होती वाडीवर, तिची घागर स्वतः उचलून घरात ठेवायचा. तो तहानेनं मेला. त्याला तहान लागली होती. फार लागली होती. मास्तरांनी पाहिलंय." मग बाया माझ्याकडं बघायच्या, कारण कित्येकदा मी सोबत असायचो. मी मान हलवायचो. एकीनं मला तोंडावर सांगितलं, "तुमचा इस्वासच न्हाय, तुमाला कसं दिसंल?"

चुलतभाऊ एकदा सगळ्यांदेखत ओरडला, "लोक तुझ्या मुलाला डोक्यावर घेतायत आणि तू त्याला मातीत घालतोस? कसला बाप तू?"

"मातीत मीच घातलाय त्याला, माझ्या हातानं," सर म्हणाले. "तुम्ही तिथूनही काढून न्यायला बसलात. तुमचा बाबा तुम्हाला लखलाभ होवो. माझा जाफर मला ठेवा. नापास झालेला, खोटं बोललेला, तोच मला पाहिजे. त्याच्याशिवाय माझ्याकडं दुसरा नाही."

मला त्या दिवशी मोठे मौलाना कळले. तोवर मला वाटायचं, हा अक्कलहुशारीचा वाद आहे, माझ्यासारख्या नास्तिकाच्या सोयीचा. तसं नव्हतं. लोक प्रेमाच्या नावाखाली माणूसच पळवून नेतात आणि मागं राहिलेल्याला रिकामं थडगं देतात, हे त्या म्हाताऱ्याचं दुःख होतं.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. टारगट पोरांनी स्टूल मोडलं. ते दुसरं घेऊन गेले. एकदा कुणीतरी ढकललं, मनगट मोडलं. ते गळ्यात झोळी बांधून गेले. चेअरमननी कबरीवर पत्र्याची शेड जाहीर केली आणि हेडमास्तरांकरवी सरांना निरोप दिला की बदली लांबची होऊ शकते. सगळ्यात मोठी किंमत घरात होती. आपा, म्हणजे जाफरची आई, त्यांच्याशी बोलायची बंद झाली. शांत बाई, माझी भाकरी न सांगता झाकून ठेवणारी. मग ती चुलतभावाच्या घरी राहायला गेली. तिथं बाया तिचे हात डोळ्यांना लावायच्या, शहीदाची माँ म्हणायच्या. गुरुवारी ती कब्रस्तानात यायची, पण पलीकडं लिंबाखाली बायांच्या घोळक्यात बसायची, नवऱ्याकडं पाठ करून. सर जाफरच्या चुका मोजायला लागले की कानावर पदर ओढून घ्यायची. मला तिचा राग यायचा. सरांना नाही यायचा. "तिला एवढाच आधार आहे," म्हणायचे. "तो मी काढून घेतोय. पण खोट्यावर तिला कसं बसू देऊ?"

सर हरले, हे इथंच सांगून टाकतो. आज तिथं हिरवा घुमट आहे, ट्यूबलाइट आहे, उरुसाला तेरखेड्याची शोभेची दारू उडते आणि झऱ्याच्या जागी बांधलेल्या हौदात ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असतं. सर ते बघायला राहिले नाहीत. पण शेडचे खांब उभे राहायच्या आधीचा एक गुरुवार मला सांगायचा आहे.

त्या दिवशी वाडीवरची एक बाई आली. काखेत दोनेक वर्षांचं पोर. पोराची मान लुळी, डोळे खोल गेलेले, ओठ वाळून पांढरे पडलेले. आमच्या भागात त्या उन्हाळ्यात जुलाबाची साथ होती. बाईच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या होता. मी म्हटलं, "आधी त्याला पाज. मीठ-साखर घालून पाज आणि दवाखान्यात ने."

"न्हाय सायेब. कालपासनं पानी तोडलंय त्येचं. जाफरबाबाचं निर्जळ धरलंय म्या लेकरासाठी. हितं वतते, मग बाबा सांगतील तवा पाजंन."

सर स्टुलावरून उठले. त्यांचा हात झोळीत होता. मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही. "बाई, मी त्याचा बाप आहे. मी सांगतो, पाज."

"तुमी!" बाई पोराला छातीशी घट्ट धरून मागं सरली. "तुमाला तर त्येचं मोठंपन देखवत न्हाय. समदं गाव सांगतंय." ती सरांना वळसा घालून कबरीकडं गेली आणि तांब्या तिरका केला.

मी पुढं झालो, पण माझ्या आधी लिंबाखालून आपा आली. पदर डोक्यावरून घसरला होता. तिनं बाईचं मनगट धरलं. थोडं पाणी सांडलं तेवढंच. मागं चुलतभावाच्या घरातल्या बाया उठून उभ्या राहिल्या. आपा पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याचे ओठ हलत होते.

"असेच," ती म्हणाली. "असेच होते त्याचे ओठ."

मग ती तिच्या मोडक्या मराठीत बाईला सांगायला लागली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"नवव्या दिवशी घरी आला तो. मी बघितलं तोंड. मला कळलं. मी तांब्या लावला त्याच्या तोंडाला, असा, डोकं धरून. त्यानं दात मिटून घेतले. म्हणाला, अब्बाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. मी नाही सांगितलं. मी माँ आहे त्याची, माझ्या हातचं पाणी त्यानं घेतलं नाही. माझं नाही ऐकलं. तुझं काय ऐकणार?"

बाई तशीच उभी. आपानं तिच्या हातातून तांब्या काढून घेतला, तिथंच मातीत बसली, पोराला मांडीवर ओढलं आणि दोन बोटं पाण्यात बुडवून त्याच्या तोंडात घातली. पोरानं बोटं चोखली. तिनं पुन्हा बुडवली.

नवव्या दिवशी ती आणि जाफर बोलत होते तेव्हा सर भिंतीपलीकडं, पुढच्या खोलीत, मला आणि त्या म्हातारीला करबलाची हकीकत सांगत होते. पलीकडं काय झालं होतं हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मी त्यांच्याकडं बघितलं. मला भीती वाटली की ते आता काहीतरी खरं बोलतील.

ते बायकोजवळ जाऊन मातीत बसले आणि तिला बोटं बुडवता यावीत म्हणून बऱ्या हातानं तांब्या धरून राहिले.